सिस्टरची नजर

लसीचा निळा डबा मोटरसायकलवरून उतरला तेव्हा अंगणवाडीच्या ओट्यावर बारा-पंधरा बाया येऊन बसल्या होत्या. अकोले तालुक्याचा हा पश्चिमेकडचा भाग. भात कापणीला आलेला, त्यामुळे सगळ्यांनाच घाई. "शिस्टर, माझं पयलं टोचा, खाचरात माणसं लावलीत," असं एकीनं दोनदा सांगून झालं. सिस्टरनी मान हलवली, पण हात सुईकडे गेला नाही. त्यांनी आधी आइसपॅक चाचपले, मग एकेक बाटली उजेडात धरली. बाटलीवर एक छोटा गोल असतो आणि त्या गोलात चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिका आहे तोवर लस चांगली. दोन्हींचा रंग एक झाला की ती बाटली वापरायची नाही. उन्हानं लस खराब होते हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण पेंटाव्हॅलंटसारखी लस गोठली तरी वाया जाते, आणि गोठून पुन्हा वितळलेली बाटली वरवर पाहून चटकन ओळखू येत नाही. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात डबा भरतानाच बर्फ थोडा सुटू द्यायचा, आइसपॅक हलवला की आत पाणी डुचमळलेलं ऐकू आलं पाहिजे, ही शिस्त.

यंदा संपादकांनी 'पहिलं वर्ष' असा विषय दिला. शहरातल्या बालरोगतज्ज्ञांशी बोलून लेख झाला असता. पण महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत बाळाच्या पहिल्या वर्षात त्याला सगळ्यांत जास्त वेळा हात लावते ती उपकेंद्राची आरोग्यसेविका. सरकारी कागदावर ती एएनएम, गावात सिस्टर किंवा नर्सबाई. मैदानी भागात पाच हजार आणि आदिवासी भागात तीन हजार वस्तीमागे एक उपकेंद्र, असं प्रमाण ठरलेलं आहे. तिच्या हाताखाली आशाताई, शेजारी अंगणवाडीताई, आणि गेल्या काही वर्षांत उपकेंद्रात नव्यानं आलेले समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ. या लोकांना बाळात नेमकं काय दिसतं, ते कसं दिसतं, हे बघायला मी गेले.

बेचाळीस दिवस

दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशाताईनं घरी सहा वेळा जायचं: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. बाळंतपण घरीच झालं असेल तर पहिल्या दिवसाची एक भेट जास्त. २०११ मध्ये ही योजना देशभर सुरू झाली तेव्हा या सगळ्या भेटी मिळून अडीचशे रुपये ठरले. रक्कम वाचून वाचकांना काय वाटेल ते वाटो, मला तर ती वाचताना लाज वाटली.

हे दिवस असेच कुणीतरी ठरवलेले नाहीत. नमुना नोंदणीच्या २०२० सालच्या आकड्यांप्रमाणे महाराष्ट्रात हजार जिवंत जन्मांमागे १६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती, आणि त्या १६ पैकी ११ पहिल्या अठ्ठावीस दिवसांत. आपल्या जुन्या बायकांना हे आकड्यांवाचून कळलेलं होतं. पाचव्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते, म्हणून पाचवी पुजायची, पाटा-वरवंटा मांडायचा, उशाशी विळा ठेवायचा, रात्र जागवायची. पहिला आठवडा जिवावरचा असतो, ही जाण त्या पूजेत आहे. पूर्वी नाळेतून धनुर्वात व्हायचा तोही याच दिवसांत दिसायचा. गरोदरपणातलं इंजेक्शन आणि नाळ कापायचं निर्जंतुक पातं, यांनी तो मागे हटला. २०१५ मध्ये भारत नवजात धनुर्वातातून मुक्त झाल्याचं प्रमाणित झालं.

एका सातव्या दिवसाच्या भेटीला मी आशाताईंबरोबर गेले. घर कुडाचं, बाळंतिणीची खोली बंद, बाजेखाली शेगडी. ताईंनी दारातच साबणानं हात धुतले, हवेत वाळू दिले आणि मगच आत गेल्या. बाळ झोपलं होतं. त्यांनी ते उठवलं नाही. कुंची थोडी वर सरकवून, पोट उघडं करून, घड्याळ हातात घेऊन बसल्या. बाळाचा श्वास मोजायचा तर ते शांत असतानाच, आणि पूर्ण एक मिनिट. तान्ह्या बाळाचा श्वास मुळातच एकसारखा चालत नाही. मधेच भराभर घेतं, मधेच थांबल्यासारखं होतं. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणलं तर आकडा फसवतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त आले तर पुन्हा एकदा मोजायचं, दुसऱ्यांदाही तेवढेच आले तर तो धोका. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत ही रेघ पन्नासवर येते.

त्या घरी आकडा चव्वेचाळीस आला. मग काखेत थर्मामीटर, मग झोळीचा काटा, मग नाळेचं बुंध, मग तळपायावर बोट दाबून पाहणं. कावीळ चेहऱ्यावरून खाली उतरत जाते. तळहात-तळपाय पिवळे झाले, किंवा पहिल्या चोवीस तासांतच पिवळेपणा दिसला, तर वाट बघायची नाही. सगळ्यांत शेवटी ताई म्हणाल्या, "घे गं पदराखाली, बघू दे कसं पितंय." आणि त्या बघत राहिल्या. तोंड मोठं उघडलंय का, खालचा ओठ बाहेर वळलाय का, हनुवटी छातीला टेकलीय का, घोट उतरताना दिसतोय का. बाळाची आजी कोपऱ्यातून म्हणाली, "दूध पुरंना तिला. रातभर रडतंय." ताईंनी आजीला परत प्रश्न केला, "दिवसातून किती येळा मुततंय?" आजीनं बोटं मोजली, सहा-सात. "मग पुरतंय, मावशी. न प्यालेलं बाहेर कुठून येईल?" बाळाचं वजन जन्मापेक्षा थोडं उतरलेलं होतं. पहिल्या काही दिवसांत ते उतरतंच आणि दहा-पंधरा दिवसांत भरून येतं. हे एवढं सांगायला कुणी नसतं तेव्हा गावात डब्याची पावडर येते.

घुटीचा विषय निघाला. सहाणेवर हिरडा, मुरडशेंग, वेखंड, जायफळ उगाळून चाटवणं हा घरोघरचा रिवाज. सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाणीही नको, हे ताईंना पक्कं ठाऊक आहे. पण त्या घुटीला थेट हात घालत नाहीत. "सहाण नीट धुतेस का? पाणी कुठलं?" इथून सुरुवात करतात. "पहिल्या भेटीला नाही म्हटलं तर दुसऱ्या भेटीला दार उघडत नाहीत," असं त्यांनी मला वाटेत सांगितलं. शेगडीबद्दल मात्र त्या कडक होत्या. ऊब हवी, पण धूर नको. बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरलं की शेगडीहून चांगली ऊब मिळते, हे त्यांनी त्या मुलीला करून दाखवलं.

गडचिरोलीचे मणी

ही भेटींची पद्धत महाराष्ट्रातच घडली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. तिथं बालमृत्यूंचा शोध घेताना न्यूमोनिया पुढे आला. ओळखायची खूण होती श्वासाची गती. पण गावातल्या दाईला एवढं मोजता यायचं नाही. तेव्हा एक मिनिटाची वाळू आणि ओळीनं मणी, असं साधन तयार झालं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यावर हात गेला तर औषध द्यायचं. दहापर्यंत मोजता येणाऱ्या बाईला न्यूमोनियाचं निदान करता येऊ लागलं.

पुढची पायरी अधिक धाडसाची होती. ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली गेली. श्वास अडकला तर काय करायचं, कमी वजनाच्या बाळाला ऊब कशी द्यायची, आणि जंतुसंसर्ग, म्हणजे सेप्सिस दिसला तर जेंटामायसिनचं इंजेक्शन कसं द्यायचं. त्या गावांत हजारी ६२च्या घरात असलेला नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी पंचविसाच्या आसपास उतरला. शेजारच्या ४७ गावांत, जिथं हे काम नव्हतं, तिथं तो जवळपास होता तिथंच राहिला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हा अभ्यास छापून आला. देशाच्या योजनेत यातल्या गृहभेटी आल्या. सुई मात्र आशाताईच्या हातात आली नाही. २०१४ मध्ये केंद्रानं आरोग्यसेविकेला ती मुभा दिली: तान्ह्या बाळात सेप्सिसची लक्षणं दिसली तर जेंटामायसिनचा पहिला डोस देऊन पुढे पाठवायचं, आणि कुटुंब दवाखान्यात जायला तयारच नसेल तर सात दिवसांचा कोर्स पुरा करायचा.

हे कागदावर आहे. प्रत्यक्षात मी ज्या सिस्टरांशी बोलले त्यांच्यापैकी बहुतेकींनी हे इंजेक्शन कधी दिलेलं नव्हतं. "शिकवलंय. पण दिलं आणि बाळ गेलं तर?" एकीनं मलाच विचारलं. तिच्या पाठीशी त्या क्षणी कोण उभं राहील, याचं उत्तर तिला कुठल्याच परिपत्रकात मिळालेलं नाही. मला हे तिचं भित्रेपण वाटत नाही. अधिकार देताना आधार दिला नाही तर माणूस सुरक्षित वाट धरणारच, आणि आदिवासी पाड्यावर ती सुरक्षित वाट रुग्णवाहिकेला चार तास लावते.

रेघ सपाट झाली की

ओट्यावर परत. दीड महिन्याच्या डोसाला बाळाला दोन प्रकारचे तोंडी थेंब आणि तीन सुया मिळतात. अनेक आया एवढ्यानंच घाबरतात. सिस्टर प्रत्येकीला चार गोष्टी सांगतात: आज काय दिलं, ताप-सूज आली तर काय करायचं, पुढचं कधी, आणि कार्ड सांभाळ. बीसीजीच्या जागी महिनाभरात फोड येतो, तो दाबायचा नाही, मलम लावायचं नाही, हेही. "कार्ड घेऊनच नारायणगावला जा," त्या एकीला म्हणाल्या. कापणी उरकली की इथली कुटुंबं मजुरीला नारायणगावकडे उतरतात. बाळाचा अडीच महिन्यांचा डोस तिथल्या पालावर येतो, आणि तिथल्या सिस्टरला हे बाळ माहीतच नसतं.

डोसाआधी वजन. जागतिक आरोग्य संघटनेचा आजचा वाढीचा तक्ता २००६ चा. तो बनवताना सहा देशांतली आईच्या दुधावर वाढलेली, चांगल्या घरांतली मुलं मोजली होती, त्यात दक्षिण दिल्लीही होती. त्यामुळे 'आपली मुलं बारीकच' हे म्हणणं तिथं टिकत नाही. पोटभर मिळालं तर आपलं बाळही तसंच वाढतं. बाळ कुठल्या रंगाच्या पट्ट्यात बसलं याहून सिस्टर रेघेकडे जास्त बघतात. वर चढत असलेली रेघ सहाव्या-सातव्या महिन्यात आडवी झाली की त्या थांबतात. त्या दिवशी असं एक बाळ होतं. गुटगुटीत दिसणारं, हिरव्या पट्ट्यातलं. दुसऱ्या कुणी त्याला निरोगी म्हणून सोडलं असतं.

"वरचं काय देतेस?"

"डाळीचं पाणी. पेज."

"पाण्यात डाळ कुठंय, बाई? डाळ-भात एकत्र घोट, चमचा तिरपा केला तरी घसरू नये इतका घट्ट. वर तेल घाल अर्धा चमचा. अंगणवाडीतून आलेलं पाकीट कोण खातं घरात?"

मुलगी हसली आणि काही बोलली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी मुलं होती फक्त ११.३ टक्के. महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या चार मुलांमागे एक उंचीच्या मानानं कृश निघालं. लोक कुपोषणाची बातमी पावसाळ्यात वाचतात. त्याची सुरुवात या आडव्या रेघेपाशी असते, आणि ती रेघ बघायला काटा आणि पेन्सिल पुरते. २०१८ पासून आशाताईंच्या भेटी तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्याला वाढवल्या त्या यासाठीच.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत आया आणि बाळं यांचा अभ्यास चालवला. तिथल्या बाळांचं सरासरी जन्मवजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या बाळांचं साडेतीन. पण चरबीच्या बाबतीत आपली बाळं तेवढी मागे नव्हती, मागे होती ती स्नायूंत. बारीक दिसणाऱ्या या बाळांना पुढे मधुमेहाचा धोका का, याचा धागा तिथून मिळाला. उपकेंद्रातल्या काट्यावर हा फरक दिसत नाही, पण मुलगी गरोदर राहण्याआधीपासून काय खाते हे विचारायला सिस्टरना त्यानं कारण मिळालं आहे.

गुणाचं बाळ

आता ज्याच्यासाठी मी मुळात गेले त्याबद्दल. बाळ जगलं, डोस झाले, वजन वाढलं. पण ते हसतं का, मान धरतं का, आवाजाकडे वळतं का? आपल्याकडे या प्रश्नांची नोंद जवळजवळ होत नाही. माता व बाल संरक्षण कार्डाच्या पानांवर चित्रं आहेत: दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात माणूस बघून हसणारं, चौथ्यात मान धरणारं, आठव्या-नवव्यात टेकूवाचून बसणारं, वर्षाच्या आसपास दोन बोटांनी दाणा उचलणारं. ती पानं मी अनेक कार्डांवर कोरी पाहिली.

या सिस्टर ती पानं वापरतात. त्यांच्या पिशवीत लाल लोकरीचा गुंडा आणि खुळखुळा असतो. बाळ आईच्या मांडीवर असतानाच त्या गुंडा नाकासमोर धरून सावकाश बाजूला नेतात. मग बाळाला दिसणार नाही अशा बाजूनं खुळखुळा. मग दोन्ही हात धरून हळूच बसतं करायचं आणि मान मागे पडते का ते बघायचं. एका बाळाचं सगळं उरकायला पाच मिनिटंही लागत नाहीत. पण बाहेर पंधरा बाया असतात.

सहा महिन्यांचा एक मुलगा आला. आजी कौतुकानं सांगत होती, "लई गुणाचं हाय, रडतच नाय. निजवलं तिथं पडून ऱ्हातंय." सिस्टरनी बसतं केलं, मान मागे लोंबली. मुठी घट्ट मिटलेल्या, अंगठे आत. मांडीत घेतलं तर पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढले. "जन्मल्यावर लगेच रडला होता?" आईनं मान खाली घातली. "लई वेळानं. पेटीत ठेवला व्हता." आजी लगेच म्हणाली, याचा मामाबी उशिराच चालला, पोरगे उशिराच चालतात. सिस्टरनी आजीला खोडून काढलं नाही. "मामानं मान कधी धरली, आठवतंय?" आजी विचारात पडली. मामानं मान वेळेवर धरली होती.

पुढचा रस्ता असा आहे. २०१३ मध्ये पालघरमधून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. जन्मजात व्यंग, जीवनसत्त्वांची वगैरे कमतरता, आजार आणि विकासातला विलंब अशा चार गटांतल्या तीस अवस्था हुडकायच्या. त्याची गाडी डॉक्टरांसह अंगणवाड्यांना वर्षातून दोनदा येते, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं. तिथं व्यायाम, कान तपासणी, बोलण्याचे उपचार एका छताखाली मिळायला हवेत. सहा महिन्यांत सापडलेल्या बाळाचा मेंदू अजून झपाट्यानं घडत असतो, म्हणून लवकर सुरू केलेल्या उपचाराला अर्थ असतो. ऐकू न येणारं बाळ सहा महिन्यांच्या आत यंत्राशी आणि उपचाराशी जोडलं गेलं तर बोलायला शिकण्याची त्याची शक्यता कितीतरी वाढते. जन्मतः आत वळलेलं पाऊल पहिल्या आठवड्यांत प्लॅस्टर सुरू केलं तर बहुधा मोठ्या शस्त्रक्रियेवाचून सरळ होतं. आणि वेळेआधी जन्मलेलं, दोन किलोच्या खालचं बाळ एसएनसीयूतून, म्हणजे नवजात बाळांच्या विशेष कक्षातून, घरी आलं असलं तरी जन्मापासून महिन्याच्या आत त्याच्या डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायचा. ती तारीख चुकली तर कायमचं अंधत्व येऊ शकतं. ही तारीख डिस्चार्जच्या कागदावर असते, कागद उशाखाली असतो, आणि घरात तो वाचणारी एकच व्यक्ती असते: भेटीला आलेली आशाताई.

त्या मुलाच्या आईला जिल्ह्याला जायचं तर पहाटेची एसटी, एक रोज बुडणार, आणि असं महिन्यातून किती वेळा याचा पत्ता नाही. वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला सरकारी दवाखान्यात नेणं-आणणं आणि उपचार मोफत आहेत, पण दर आठवड्याच्या व्यायामाला गाडी मिळत नाही. सिस्टरनी फोन लावून तारीख घेतली. आणि त्या दिवशीच आईला बाळ कडेवर घ्यायची वेगळी रीत दाखवली, दोन्ही पाय फाकवून कंबरेवर, म्हणजे कात्री सुटते. "त्याच्याशी बोल. काय करतेस ते सांगत बस. भाकरी थापतेस तर थापतेय म्हण."

किती करू द्यायचं

१९६५ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड ही परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी 'नर्स प्रॅक्टिशनर'चं पहिलं प्रशिक्षण सुरू केलं. म्हणजे अनेक बाबतींत स्वतः तपासून, निर्णय घेऊन उपचार करणारी परिचारिका. आणि हे पहिलं प्रशिक्षण मुलांच्या आरोग्यासाठीच होतं, कारण निरोगी बाळाची वाढ पाहणं, आईला सांगणं, बिघडलेलं वेळेत ओळखणं हे परिचारिका उत्तम करते, असं त्या दोघांना दिसलं होतं. आपल्याकडे २०१८ नंतर उपकेंद्रांत आलेल्या सीएचओंमध्ये नर्सिंग शिकलेल्या मुली मोठ्या संख्येनं आहेत. शिक्षण आहे, उमेद आहे. पण मी भेटले त्या सीएचओ मॅडमचा दिवस रक्तदाब, साखर आणि त्यांच्या ऑनलाइन नोंदींत जात होता. तान्ही बाळं आपल्याकडे 'येत नाहीत', असं त्या म्हणाल्या. बाळं ओट्यावर होती, दोनशे पावलांवर.

नोंदींचा जाच सिस्टरनाही आहे. लसीची नोंद यू-विन पोर्टलवर, गरोदर मातांची दुसरीकडे, महिन्याचा अहवाल तिसरीकडे, आणि शिवाय वही. रेंज टेकडीवरच्या देवळापाशी मिळते, म्हणून संध्याकाळी त्या तिथं जाऊन बसतात. नोंद हवीच, पालावरच्या बाळाचा डोस तिच्यामुळेच सापडतो. पण या सगळ्या रकान्यांत दिलेल्या डोसांचा हिशेब अगदी चोख आहे, आणि लोकरीचा गुंडा फिरवायला लागलेली पाच मिनिटं कुठंच भरता येत नाहीत. जे मोजलं जात नाही ते घाईच्या दिवशी पहिलं गळतं. मान लोंबलेला तो मुलगा याआधीच्या तिन्ही डोसांना आला होता. त्या वेळी या सिस्टर रजेवर होत्या, बदलीवर आलेल्यांनी डोस बिनचूक दिले होते.

तुम्हाला काय हवं, असं मी शेवटी विचारलं. सिस्टरनी औषध, इमारत, पगार यांतलं काही सांगितलं नाही. उपकेंद्राच्या मानकांत दुसरी आरोग्यसेविका आहे. ती जागा इथं रिकामी आहे. "ती भरा," त्या म्हणाल्या. "एक जण डोस देईल, एक जण बाळ बघेल. आणि सीएचओ मॅडमना महिन्यातून एक बुधवार ओट्यावर बसवा, साखर गुरुवारी तपासता येते." मग त्यांनी कार्ड पुढे ओढलं आणि त्या मुलाच्या पुढच्या तारखेखाली, डोस नसतानाही, मधली एक तारीख लिहिली.